घरी लागर आंबवताना तापमान कसं सांभाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे आकडे २० लिटर वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस) आणि सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४८ (म्हणजे १२ प्लेटो, वजनाने १२ टक्के विरघळलेला अर्क) धरून दिले आहेत. तापमान सगळीकडे अंश सेल्सिअसमध्ये आहे. ‘तापमान’ म्हटलं की ते बिअरचं, फ्रीजमधल्या हवेचं नव्हे. हा फरक पुढे पुन्हा पुन्हा येईल, कारण लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली बिअर, बिघडते ती बहुतेक वेळा याच गफलतीमुळे.

लागरला एवढी थंडी का लागते?

लागरचं यीस्ट, सॅकरोमायसिस पास्टोरियानस, हा संकर आहे. त्याच्या दोन पूर्वजांपैकी एक म्हणजे एल (उबेत आंबवलेली बिअर) आणि पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए. दुसरा सॅकरोमायसिस युबायानस. तो पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. थंडीत काम करण्याची ताकद या दुसऱ्याकडून आली आहे.

पण थंडी यीस्टला हवी असते असं समजू नका. हेच यीस्ट २० अंशांवर जास्त जोमाने वाढतं. घाईने वाढताना ते एस्टर (केळं, नासपती यांसारखा वास) आणि फ्यूझेल अल्कोहोल (घशाला लागणारा उग्रपणा) जास्त सोडतं. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा वास शोभतो. लागर मात्र इतकी स्वच्छ चवीची असते की असा वास लगेच उघडा पडतो. थंडी ठेवायची ती यीस्टची वाढ आवरायला.

नेमकं किती तापमान ठेवायचं?

बहुतेक लागर यीस्टसाठी ९ ते १३. पहिल्यांदाच करत असाल तर १० धरा. पाकिटावर वेगळा पल्ला दिला असेल तर तोच पाळा. उदाहरणार्थ, सॅफलागर डब्ल्यू-३४/७० या कोरड्या यीस्टसाठी १२ ते १८ सुचवलेलं असतं. १० की ११ यावर डोकं शिणवू नका. ११ वर स्थिर राहिलेली बिअर ९ आणि १४ च्या मध्ये झुलत राहिलेल्या बिअरपेक्षा हमखास चांगली होते.

फ्रीज १० वर लावलाय. मग बिअरही १० वरच असेल ना?

नाही. साखर आंबताना उष्णता बाहेर पडते, आणि ती थोडीथोडकी नसते. आपल्या २० लिटर वर्टमध्ये सुमारे अडीच किलो विरघळलेला अर्क असतो. त्यातला साधारण १.६ किलो आंबतो. प्रत्येक किलोमागे ६०० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे एकूण जवळजवळ ९५० किलोज्यूल उष्णता निघते. एवढं वर्ट एका अंशाने तापायला सुमारे ८५ किलोज्यूल लागतात. उष्णतेला बाहेर जायला वाटच नसती, तर बिअर ११ अंशांनी चढली असती.

प्रत्यक्षात ही उष्णता काही दिवसांत पसरते आणि भिंतीतून बाहेर जाते. तरीही आंबणं जोरात असताना बिअर भोवतालच्या हवेपेक्षा २ ते ४ अंशांनी गरम असते. हवा १० वर असेल तर बिअर १३ वर, आणि तेही नेमकं चव ठरण्याच्या दिवसांत. वॅटमध्ये पाहिलं तर हा भार सरासरी २ वॅट आणि शिखराला त्याच्या दुप्पट आहे. कुठलाही जुना फ्रीज तो सहज उचलतो. चूक होते ती मोजण्याच्या जागेत.

तापमान मोजणारा प्रोब कुठे आणि कसा लावायचा?

फर्मेंटरच्या (आंबवण्याच्या डब्याच्या) बाहेरच्या भिंतीवर, बिअरच्या उंचीच्या साधारण मध्यावर. फेसाच्या रेषेपासून बराच खाली.

आधी भिंत कोरडी पुसा. थंड डब्यावर दव धरतं आणि ओल्या जागी टेप दोन दिवसांत सुटतो. प्रोबचं धातूचं टोक भिंतीला आडवं टेकवा, नुसती अणी नको, पूर्ण लांबी टेकली पाहिजे. त्यावर तळहाताएवढा, २ ते ३ सेंटिमीटर जाड फोमचा तुकडा ठेवा. तो नसेल तर बबल रॅपच्या सात-आठ घड्याही चालतात. मग चारी कडांनी टेप मारा. वर आणि खाली दोनच पट्ट्या मारल्या तर बाजूने गार हवा शिरते आणि आकडा एक-दोन अंशांनी खोटा येतो. शेवटी वायरला एक सैल वळसा देऊन ती वेगळ्या टेपने डब्यावर अडकवा, म्हणजे दार उघडताना ओढ बसली तरी प्रोब जागचा हलणार नाही. रोज एकदा फोमवर बोट दाबून बघा.

प्रोब सुटून लोंबकळला तर कंट्रोलरला (प्रोबवरून फ्रीज चालू-बंद करणाऱ्या यंत्राला) १० ची हवा दिसते, तो समाधानी राहतो आणि बिअर १३-१४ वर जाते. पडद्यावर सगळं ठीक दिसत असतं, म्हणून ही चूक सहसा बिअर प्यायल्यावरच कळते.

झाकणातून आत जाणारी स्टीलची नळी, म्हणजे थर्मोवेल, असेल तर उत्तमच. फक्त एक लक्षात ठेवा. मधल्या बिअरला थंडी उशिरा पोचते, त्यामुळे कंप्रेसर गरजेपेक्षा जास्त चालून कडेची बिअर फार गार होऊ शकते. यीस्ट जोरात असताना बुडबुडे सगळं ढवळत असतात, तेव्हा हा फरक नगण्य असतो. २० लिटरसाठी भिंतीवर नीट लावलेला प्रोब पुरेसा आहे.

कंट्रोलर कोणता आणि सेटिंग काय?

थंड आणि गरम असे दोन्ही प्लग असलेला घ्या. इंकबर्ड आयटीसी-३०८ सारखे कंट्रोलर तयार मिळतात. एसटीसी-१००० स्वस्त असतो, पण त्याला वायरिंग स्वतः करावी लागते. घरच्या विजेच्या कामाची सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सेट तापमान १०. थंडीसाठी फरक (सेट आकड्यापासून किती दूर गेल्यावर यंत्र सुरू व्हावं) ०.५ आणि गरमीसाठी १. दोन्ही फारच जवळ ठेवले तर हीटर आणि कंप्रेसर आळीपाळीने एकमेकांचं काम पुसत बसतात. कंप्रेसरचा विलंब किमान ५ मिनिटं ठेवा. बंद झाल्या झाल्या तो पुन्हा सुरू झाला तर नळीतला दाब अजून उतरलेला नसतो, मोटर अडखळते आणि जळू शकते. फ्रीजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंडवर ठेवा, नाहीतर तो मध्येच बंद होईल.

वापरण्याआधी प्रोब तपासा. पेला बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा आणि प्रोब मधोमध तीन-चार मिनिटं धरा. शून्य यायला हवं. जेवढा फरक येईल तेवढा कॅलिब्रेशनमध्ये भरा. पाणी जास्त आणि बर्फ कमी असेल तर ही तपासणी निरर्थक ठरते.

साधा फ्रीज बरा की आडवा डीप फ्रीजर?

दोन्ही चालतात. डीप फ्रीजरच्या भिंतीच थंड होतात आणि कंप्रेसर थांबल्यावरही थंडी देत राहतात, म्हणून तापमान ठरलेल्या आकड्याखाली घसरतं. आत ओलही फार साठते, तेव्हा ओल शोषणारा डबा ठेवा. शिवाय भरलेला फर्मेंटर २० किलोंच्या वर जातो, तो कमरेत वाकून वर काढायचा असतो याचाही विचार करा.

हीटर खरंच लागतो का?

शेवटी तापमान वर न्यायचं असतं तेव्हा लागतो. तोवर यीस्टची स्वतःची उष्णता ओसरलेली असते आणि फ्रीजच्या जाड भिंतींमुळे बाहेरची ऊब आत पोचायला वेळ लागतो. २० ते ४० वॅटचा हीटिंग बेल्ट किंवा पॅड पुरतो. तो प्रोबच्या विरुद्ध बाजूला लावा. बल्ब टाळा. उजेडाने हॉपमधले (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक तुटतात आणि बिअरला घाण वास धरतो.

यीस्ट टाकताना वर्ट किती थंड हवं?

८ ते ९ अंश, म्हणजे आंबवण्याच्या तापमानापेक्षा एखादा अंश खालीच. मग ते आपोआप १० वर चढू द्यायचं.

नळाच्या पाण्यावर चालणारा चिलर वर्टला पाण्याच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. अशा वेळी वर्ट निर्जंतुक फर्मेंटरमध्ये भरा, झाकण लावा, प्रोब चिकटवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. २० वरून ९ वर यायला ९०० किलोज्यूलच्या वर उष्णता काढावी लागते, म्हणजे जवळपास पूर्ण आंबण्यात निघते तेवढी. घरगुती फ्रीजला त्यासाठी सात-आठ तास किंवा जास्त लागले तर नवल नाही. स्वच्छता चोख असेल तर एवढं थांबायला हरकत नाही. घाईत १८ वर यीस्ट टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

१८-२० वर यीस्ट टाकून बुडबुडे दिसल्यावर थंड करायची पद्धत जुनी आहे, पण आम्ही ती सुचवत नाही. एस्टरचा मोठा भाग आणि डायअसेटिलचा (लोण्यासारख्या वासाच्या घटकाचा) कच्चा माल यीस्ट वाढत असतानाच, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत, तयार होतो. बिअर खाली येईपर्यंत तो टप्पा निम्मा उरकलेला असतो. शिवाय उतरत्या तापमानाने यीस्ट सुस्तावतं ते वेगळंच. ही पद्धत टिकली, कारण कमी पडलेलं यीस्ट तिच्यात निभावून जातं. त्यावरचा खरा इलाज म्हणजे यीस्ट जास्त टाकणं.

मग यीस्ट किती टाकायचं?

एलच्या दुप्पट. लागरसाठी दर मिलिलिटरला, दर प्लेटोमागे १५ लाख पेशी धरतात. २० लिटर आणि १२ प्लेटोसाठी हा आकडा ३६,००० कोटी होतो. कोरड्या यीस्टची ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं टाका. ९ अंशांच्या आसपास आंबवणार असाल तर तीन. द्रव यीस्टचं एकच पाकीट असेल तर आधी स्टार्टर (थोड्या वर्टमध्ये यीस्ट वाढवणं) करून वाढवावंच लागेल.

द्रव यीस्टसाठी वर्टमध्ये ८ ते १० पीपीएम ऑक्सिजन हवा. डबा हलवून हवेतून जास्तीत जास्त ८ च्या आसपासच विरघळतो. कोरड्या यीस्टला त्याची फारशी गरज नसते.

पूर्ण वेळापत्रक कसं असतं?

दिवस नव्हे, ग्रॅव्हिटी बघून चालायचं. १.०४८ पासून अंदाजे १.०११ पर्यंत उतरणाऱ्या बिअरसाठी असं:

९ वर यीस्ट टाका आणि १० वर धरा. फेस दिसायला २४ ते ४८ तास लागतात, तोवर घाबरून तापमान वाढवू नका. ग्रॅव्हिटी १.०३० ला, म्हणजे निम्म्या वाटेवर आली की १२-१३ करा. १.०२० ला आली की १६ ते १७ वर न्या आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवा. ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस हलली नाही आणि खालची दोन बाटल्यांची डायअसेटिल चाचणी पास झाली, की थंड करायला घ्या. एकूण दोन आठवडे धरा.

पहिला निम्मा भाग थंड राहिला की नंतरच्या उबेने चव बिघडत नाही, कारण वाढ संपलेली असते आणि यीस्ट उरलेली साफसफाई करत असतं. बिअर शेवटपर्यंत १० वरच ठेवली तर तीही होते, फक्त फार रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या बिअरमध्ये डायअसेटिल मागे राहण्याची शक्यता जास्त.

लोण्यासारखा वास येतोय. हे डायअसेटिलच का? काय करू?

हो, लोणी किंवा बटरस्कॉचचा वास आणि जिभेवर तेलकट बुळबुळीतपणा ही त्याचीच खूण. लागरमध्ये लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी ते जाणवतं.

हे कसं होतं ते समजलं की उपाय आपोआप सुचतो. व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवताना यीस्टमधून अल्फा-असेटोलॅक्टेट बाहेर गळतं. त्याला वास नसतो. ते बिअरमध्ये आपसूक, यीस्टच्या मदतीशिवाय, डायअसेटिलमध्ये बदलतं. मग यीस्ट ते डायअसेटिल आत ओढून निरुपद्रवी करून टाकतं. या साखळीत सर्वांत सावकाश चालणारी पायरी मधली आहे, आणि ती उबेत वेगाने होते. म्हणून १६-१७ वर न्यायचं, आणि यीस्ट अजून तरंगत असतानाच न्यायचं. सगळं यीस्ट तळाला बसल्यावर तापवलं तर डायअसेटिल तयार होईल, पण ते खाणारं कोणी नसेल.

चाचणी अशी. २०० मिलिलिटर बिअर काढून झाकणाच्या दोन बाटल्यांत निम्मी निम्मी ओता. एक तशीच ठेवा. दुसरी झाकण सैल ठेवून ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि मग गार करा. दोन्हींचं तापमान सारखं झालं की झाकण उघडून लगेच हुंगा. दोन्हींना वास नाही, तर काम झालं. फक्त तापवलेलीला लोण्याचा वास आला, तर वास न येणारा कच्चा माल अजून शिल्लक आहे. आज बाटलीत भरलीत तर महिन्याभराने तीच बिअर लोण्यासारखी लागेल. आणखी दोन दिवस १७ वर ठेवून पुन्हा तपासा. दोन्हींना वास असेल तर यीस्टला अजून वेळ द्या. तळाचं यीस्ट वर यावं म्हणून डबा हळूच गोल फिरवला तरी मदत होते.

सडक्या अंड्याचा वास येतोय. बिअर गेली का?

नाही. लागर यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतंच. निघणाऱ्या वायूबरोबर बराचसा जातो, उरलेला लागरिंगमध्ये (शेवटी थंडीत मुरवताना). बिअर ओतून देऊ नका.

एका रात्री तापमान १७ वर गेलं. आता?

कधी गेलं यावर आहे. पहिल्या ४८ तासांत गेलं असेल तर थोडे एस्टर येणारच, ते नंतर काढता येत नाहीत. पण बिअर दणकन १० वर आणू नका, यीस्ट झोपी जाईल आणि आंबणं अडेल. दिवसाला २-३ अंश असं उतरवा. ग्रॅव्हिटी १.०२० च्या खाली असताना गेलं असेल तर काहीच करू नका, तिथे तुम्ही नेणारच होता.

दहाव्या दिवशी १.०२२ वरच अडलंय.

आधी मोजमाप तपासा. नमुना दोन पेल्यांत पुन्हा पुन्हा ओतून वायू काढा, बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात. नमुना २० अंशांवर आणा किंवा तुमच्या हायड्रोमीटरवर छापलेल्या तापमानाला. रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर अल्कोहोलमुळे तो जास्त आकडा दाखवतो, दुरुस्तीचं गणित करावंच लागतं.

खरंच अडलं असेल तर १६-१७ वर न्या आणि डबा हलकेच फिरवा. हवा अजिबात घालू नका. ४८ तासांत फरक पडला नाही तर जोरात फेसाळलेला ताजा स्टार्टर ओता. कोरडं यीस्ट वरून भुरभुरवून उपयोग क्वचितच होतो, कारण अल्कोहोल आणि अन्नाची टंचाई यांत ते जागं होताहोताच मरगळतं. अडण्यामागे बहुतेक वेळा कमी यीस्ट, कमी ऑक्सिजन किंवा मध्येच बसलेला थंडीचा झटका असतो.

थंड करताना एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतलं) पाणी आत का ओढलं जातं?

१७ वरून १ वर येताना वरच्या मोकळ्या जागेतला वायू ५ टक्क्यांहून जास्त आकसतो. त्याहून मोठं कारण म्हणजे गार बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो. २० लिटर बिअर काही लिटर वायू सहज गिळू शकते. ती पोकळी बाहेरच्या हवेने भरते, आणि तयार बिअरला ऑक्सिजनइतकं वाईट काही नाही.

उपाय म्हणजे आंबणं जोरात असताना निघणारा वायू एका मोठ्या, निर्जंतुक पिशवीत किंवा फुग्यात साठवा आणि थंड करताना तोच आत जाऊ द्या. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर अगदी हलक्या दाबाने वायू देत राहा, पण फक्त दाब सोसणाऱ्या भांड्यात. ब्लो-ऑफ नळीचं (वायू बाहेर नेणाऱ्या नळीचं) टोक पाण्याच्या बरणीत असेल तर थंड करण्याआधी ते काढा, नाहीतर बरणीभर पाणी बिअरमध्ये जाईल.

लागरिंग किती दिवस आणि किती अंशांवर?

० ते २ अंश, या ताकदीच्या बिअरला तीन ते चार आठवडे. पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे २ च्या आसपास गोठते, म्हणून सेटिंग १ च्या खाली नेऊ नका. बाटलीत साखर घालून फेस आणणार असाल तर दिवसाला १-२ अंशांनी उतरवा, यीस्ट धडधाकट राहतं. केगमध्ये (दाब सोसणाऱ्या धातूच्या पिंपात) भरणार असाल आणि डायअसेटिल चाचणी पास असेल तर एकदम उतरवलं तरी चालतं.

फ्रीज ठेवायला जागाच नाही. काही मार्ग?

मोठ्या टबात २० लिटर पाणी, त्यात फर्मेंटर, आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या. उणे १८ वर गोठवलेली १ लिटरची बाटली १० अंशांपर्यंत येताना सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता शोषते. त्याने बिअर आणि पाणी मिळून साधारण अडीच अंशांनी उतरतात. शिखराच्या दिवशी यीस्टच साडेतीनशेच्या आसपास उष्णता टाकतं, म्हणजे एक बाटली जवळपास त्यातच संपते. खोलीतून झिरपणाऱ्या उष्णतेसाठी वेगळ्या लागतात. टबाला बाहेरून जाड फोम गुंडाळा आणि वर झाकण टाका, बाटल्या निम्म्यावर येतील. सकाळ-संध्याकाळ बदलाव्या लागतात. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो आणि बाटली तडकते. या पद्धतीत १० चा हट्ट धरू नका. १४ वर स्थिर ठेवणं जमतं आणि डब्ल्यू-३४/७० तिथे छान काम करतं.

दुसरा मार्ग दाबाखाली आंबवण्याचा. १ बारच्या आसपास दाब ठेवला की १८-२० अंशांवरही एस्टर आटोक्यात राहतात. यासाठी दाब सहन करणारं केग किंवा तसा फर्मेंटर आणि स्पंडिंग व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबावर वायू सोडणारी झडप) हवाच. काचेच्या कार्बॉयवर (मोठ्या बाटलीवर) किंवा प्लास्टिकच्या बादलीवर हे कधीही करू नका. काच फुटली तर तुकडे गोळीसारखे उडतात.

वीज गेली तर?

दार उघडू नका. बंद फ्रीजमधली २० लिटर बिअर सावकाश तापते, काही तासांत फार फरक पडत नाही. पहिल्या तीन दिवसांत वीज जास्त वेळ गेली तर मात्र बर्फाच्या दोन बाटल्या डब्याला टेकवून आत ठेवा, प्रोबपासून लांब.

बुडबुडे थांबले. झालं ना?

एअरलॉकवर विश्वास ठेवू नका. झाकणाच्या फटीतून वायू गळत असेल तर बुडबुडे आधीच थांबतात, आणि तापमान वाढवलं की आंबणं संपलेलं असूनही पुन्हा सुरू होतात, कारण विरघळलेला वायू सुटत असतो. हायड्रोमीटर काढा.